पोलादातील सूक्ष्म तंतू आणि आपली भट्टी

(समाजाच्या वर्धा येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर यंदा कोणते वाक्य छापावे याची चर्चा कार्यकारी मंडळाच्या बैठकीत चालली असता एका उत्साही तरुणाने 'नॅनो तंत्रज्ञानाचे आद्य जनक : आपले लोहार पूर्वज' असे वाक्य सुचविले. टाळ्या पडल्या. आम्ही मात्र टाळी वाजविली नाही. तरुणास वाईट वाटले असेल. म्हणून आमच्या त्या मौनाचे कारण सविस्तर सांगावे, एवढ्याच हेतूने आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

प्रथम त्या तरुणाची बाजू मांडली पाहिजे, कारण त्याचे म्हणणे निराधार नाही. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील तांत्रिक विद्यापीठात पेटर पाउफ्लर व त्यांचे सहकारी यांनी सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीचा लहानसा तुकडा तपासला. ती तलवार असद उल्लाह नावाच्या कारागिराची असून स्वित्झर्लंडमधील बर्नच्या संग्रहालयातील आहे. त्या तुकड्यातील लोखंड त्यांनी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळविले व मागे राहिलेला गाळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तेव्हा त्यांना कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या दिसल्या, आणि काही नळ्यांच्या पोटात सिमेंटाइटचे, म्हणजे लोखंड व कार्बन यांच्या अत्यंत कठीण संयुगाचे, तंतू आढळले. हा शोध २००६ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा तलवारींचे पोलाद हिंदुस्थानातून जात असे. कानडीतील 'उक्कू' या शब्दाचे युरोपियनांनी 'वूट्झ' केले, तेच हे पोलाद.

आता 'नॅनो' म्हणजे किती लहान? एका मीटरचे शंभर कोटी समान भाग कल्पावेत. त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा एक केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड भरतो. कार्बनच्या या नळीचा व्यास एक-दोन नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत असतो. शिसपेन्सिलीच्या ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षट्कोनी जाळीत, मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे, मांडलेले असतात; त्या जाळीचा एक थर काढून त्याची सुरळी केली की नळी झाली. एका सुरळीवर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा अनेक थरांच्या नळ्याही असतात. १९५२ साली राडुश्केविच व लुक्यानोविच या दोन रशियन शास्त्रज्ञांनी कार्बनच्या पोकळ तंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती, परंतु ती रशियन भाषेत असल्यामुळे बाहेरच्या जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. जपानच्या सुमिओ इजिमा यांचा निबंध १९९१ साली आला आणि मग साऱ्या जगाची नजर या विषयाकडे वळली.

ह्या नळ्या करतात कशा, हे ऐकून आपणांस गंमत वाटेल. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवून त्या होतात. परंतु आज अधिक रूढ असलेल्या रीतीत भट्टीच्या सहाशे ते हजार अंश उष्णतेत कार्बनयुक्त वायू सोडतात आणि त्या ठिकाणी लोखंड, कोबाल्ट किंवा निकेल यांचे कण ठेवतात. वायू त्या कणावर फुटतो, त्यातील कार्बन कणात मुरतो, आणि मुरण्याची सीमा झाली की तो नळीच्या रूपाने बाहेर वाढू लागतो. बी म्हणून लोखंडाचा कण लागतो, हे ध्यानात घ्या! आपल्या मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक महेश्वर शेरॉन व मुकुल कुमार यांनी तर कापरापासून अशा नळ्या तयार करून दाखविल्या. आरतीच्या तबकातील कापूर तो हाच. भरीव तारांचीही रीत अशीच आहे. १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॅग्नर व एलिस यांनी सोन्याच्या वितळलेल्या थेंबाखाली सिलिकॉनचे केसासारखे स्फटिक वाढविले. नॅनो तारा करणारे आजही त्याच वाटेने चालतात.

परंतु आपल्या धंद्याच्या दृष्टीने खरा प्रश्न बळाचा. एक चौरस मिलीमीटर छेदाची साध्या लोखंडी सळईची तार टांगली तर ती सुमारे चाळीस किलो वजनाला तुटते. उत्तम ओढलेली पोलादी तार दोनशे किलोपर्यंत टिकते. आता ऐका. १९५६ साली ब्रेनर यांनी शुद्ध लोखंडाचे, केसाहून पुष्कळ बारीक असे स्फटिकतंतू ओढून पाहिले. त्यांतील सर्वोत्तम तंतूचे बळ त्याच छेदाच्या हिशेबाने तेराशे किलोच्या घरात भरले! म्हणजे ज्या लोखंडावर आपण पिढ्यान्‌पिढ्या घण घालीत आलो, त्याच्या अंगच्या बळापैकी फारच थोडे आपल्या हाती लागत होते. पुढे २००० साली अमेरिकेत रुऑफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आत एकोणीस नळ्या दोन टोकांना पकडून ओढल्या. बाहेरच्या थराचे बळ अकराशेपासून सहा हजार चारशे किलोपर्यंत निघाले. बाहेरचा थर तुटला की आतली नळी म्यानातून तलवार उपसावी तशी सरकून बाहेर येई. शास्त्रज्ञांनीही त्यास 'म्यानातील तलवार' हेच नाव दिले आहे. ताठपणात ही नळी पोलादाच्या सुमारे पाचपट, आणि वजनाला त्याच्या चौथाईच्या आसपास.

लहान वस्तू इतकी बळकट का? ज्याने फाळ ठोकला आहे त्यास हे सांगावयास नको. फाळ तुटतो तो सबंध अंगाने नव्हे. एखादी बारीक चीर, जोडात राहिलेली राख, पाणी देताना बसलेली तडक, तेथून तो तुटतो. वस्तू जितकी मोठी तितका तिच्यात दोष असण्याचा संभव अधिक. काही नॅनोमीटर जाडीच्या तंतूत दोषाला बसावयास जागाच नसते. मात्र हेच तंतू कोट्यवधींनी एकत्र वळून दोर केला की दोष पुन्हा शिरतात, तंतू एकमेकांवरून घसरतात, आणि बळ कितीतरी खाली येते. शास्त्रज्ञ तेथेच अडून बसले आहेत. शिवाय लांब व ताठ नळ्या श्वासावाटे छातीत गेल्यास अ‍ॅस्बेस्टॉससारखा अपाय होण्याची भीती २००८ साली उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आली आहे. तेव्हा या मालाचे सारेच गुणगान करण्यासारखे नाही.

मग त्या तलवारीचे काय? नळ्या सापडल्या हे खरे. परंतु तलवारीची धार व चिवटपणा त्या नळ्यांमुळेच होता असे काही त्या शोधाने सिद्ध होत नाही. त्या करणाऱ्याने नळ्या पाहिल्या नव्हत्या, पाहणे शक्यही नव्हते. आणि हे पोलाद मुख्यतः दक्षिणेचे : सेलमकडचे, म्हैसूरकडचे, तेलंगणातील निजामाबादजवळच्या कोनासमुद्रमचे. आपल्या वर्धा जिल्ह्याचे ते नव्हे. आपल्या विदर्भाचा मान निराळा आहे आणि तो कमी नाही. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. ती अडीच हजार वर्षांहून जुनी मानतात. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा गावाच्या नावातच त्या टेकडीचे खनिज बोलते. हा खरा वारसा हातात असता दुसऱ्याची तलवार कमरेस कशाला बांधावी?

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा एवढा पसारा मांडला ती सांगतो. वूट्झ करणारे मुशीत लोखंडाबरोबर तरवडाची लाकडे व रुईची पाने घालीत. का, ते त्यांस ठाऊक नव्हते. बापाने घातली म्हणून घालीत. अमेरिकेतील प्राध्यापक व्हरहोव्हन आणि आल्फ्रेड पेंड्रे यांनी, हे पेंड्रे घोड्यांना नाल ठोकणारे लोहार होते बरे, अनेक वर्षे एकत्र खपून ते पोलाद पुन्हा घडविले. १९९८ साली त्यांनी दाखविले की पात्यावरची लहरींची नक्षी खनिजातील व्हॅनेडियमसारख्या धातूच्या, शंभर भागांत एक शतांशाहूनही कमी असलेल्या, अंशामुळे उमटते. त्यांचा तर्क असा की जुन्या खाणींचे खनिज संपले, नवे खनिज आले, त्यात तो अंश नव्हता. कारागीर तीच कृती तितक्याच निष्ठेने करीत राहिला आणि पाते साधेना. बिघडले काय हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. दोन-तीन पिढ्यांत विद्या गेली. हाताला सारे येत होते, पण कारण कोणासच ठाऊक नव्हते.

उलट उदाहरणही आपल्याच जातीच्या धंद्यातले आहे. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वूट्झचे नमुने लंडनला धाडले. पुढे १८१९ साली या पोलादाचे पृथक्करण ज्याने केले तो मायकेल फॅरडे. त्याचा बाप लोहार होता. मुलाने पुस्तकबांधणीची उमेदवारी करता करता विज्ञान शिकून घेतले. वूट्झच्या गुणाचे कारण त्याने जे सांगितले ते चुकीचे ठरले. कार्बनचे महत्त्व त्यानंतर पॅरिसच्या ब्रेआँने ओळखले. परंतु भट्टीसमोरचा मुलगा 'का' असे विचारू लागला, ही गोष्ट आम्हांस त्या उत्तराहून मोठी वाटते.

आपल्या घरांत काय दिसते? वखराची पास, विळे, बैलगाडीची धाव हे काम ट्रॅक्टर व तयार माल यांनी बरेचसे नेले. वर्ध्याजवळ भूगावला पोलादाचा मोठा कारखाना उभा आहे. आपल्या मुलास 'बाप काय करतो' असे विचारले तर तो खाली पाहतो. त्याला खोट्या मोठेपणाचे वाक्य देऊन त्याची मान वर होईल असे काहींस वाटते. पण महाविद्यालयात पहिला जाणता प्राध्यापक ते वाक्य खोडील, तेव्हा ती मान पूर्वीहून खाली जाईल.

म्हणून मुखपृष्ठावर नैकुंडच्या भट्टीचे चित्र घ्यावे, अशी आमची सूचना आहे. दुसरे असे की, ज्या वडीलधाऱ्यांनी स्वतः हत्यारांना पाणी दिले आहे त्यांनी तावाचे रंग, कोळशाची जात, पाण्यात की तेलात बुडवावे, किती वेळ धरावे, हे सारे घरातील शिकलेल्या मुलाकडून वा मुलीकडून लिहवून घ्यावे. आणि आपल्या आजोबांच्या हातचा एखादा जुना विळा, कुऱ्हाड किंवा फाळ घरात पडला असेल तर तो भंगारात न देता मंडळाकडे आणावा. समाजातील जी मुले अभियांत्रिकीच्या वर्गात धातुशास्त्र शिकत आहेत त्यांनी तो कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यात काय निघाले ते पुढील स्मरणिकेत छापावे. नळी निघो, तंतू निघो, अथवा केवळ साधे लोखंड निघो, जे निघेल तेच छापावे. आमच्या घरची एक सांडशी व एक कुऱ्हाड आम्ही आजच कार्यवाहांच्या हवाली केली आहे.