पुढें काम चालू आहे

रस्त्यावरील पाटी ही वाचण्यासाठीं असते, अशी सामान्य समजूत आहे. परंतु रस्त्याची दुरुस्ती करणाऱ्या मजुरांच्या टोळीपुढें जी पाटी उभी असते, तिचें कार्य याहून मोठें आहे. खडी पसरणारा, डांबर ओतणारा किंवा खड्डा भरणारा मनुष्य खालीं वाकलेला असतो. पुष्कळदां त्याची पाठ येणाऱ्या वाहनांकडे असते. रोलरच्या घरघरींत मोटारीचा आवाजहि त्याच्या कानीं पडत नाहीं. डोळे आणि कान हीं स्वसंरक्षणाचीं दोन्ही साधनें त्याच्या कामानेंच काढून घेतलेलीं असतात. म्हणून त्याच्या वतीनें दुसऱ्या कोणीतरी, आणि तेंहि अगोदर, बोललें पाहिजे.

‘अगोदर’ या शब्दांतच सारें मर्म आहे. ताशी ६० किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. धोका दिसणें, तो उमजणें आणि पाय ब्रेकवर पडणें, यांसाठीं रस्त्यांच्या आंखणींत अडीच सेकंद धरतात. तेवढ्या अवधींत मोटार ४० मीटरांहून अधिक अंतर कापते, आणि तोंवर तिचा वेग तिळमात्र उतरलेला नसतो. भारतीय आंखणीच्या नियमांत या वेगाला सुरक्षितपणें थांबण्यास ८० मीटर, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला १८० मीटर अंतर धरलेलें आहे. वेग पावणेदोन पटहि वाढत नाहीं, तोंच अंतर सव्वादोन पट होतें. खड्ड्याच्या कडेलाच टेकवलेली पाटी म्हणून निरुपयोगी ठरते. ती दिसते तेव्हां सावध होण्याची वेळ टळून गेलेली असते.

या विषयाचा विचार आपल्या देशांत झालेलाच नाहीं, असें मात्र नव्हे. १९२७ सालीं मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्त्यांविषयीं एक समिति नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था जन्मास आली. चालू कामांच्या जागीं बाळगावयाच्या सुरक्षिततेसंबंधीं या संस्थेनें २००१ सालीं स्वतंत्र मार्गदर्शिका काढली व २०१४ सालीं ती सुधारली. तींत कामाच्या जागेचे चार भाग कल्पिलेले आहेत. पहिल्या भागांत केवळ सूचना असते. दुसऱ्यांत शंकूंच्या तिरप्या रांगेनें वाहनांना हळूहळू बाजूस वळविलें जातें. तिसऱ्यांत प्रत्यक्ष काम चालतें; तेथें वाहनें आणि मजूर यांच्यामध्यें मोकळी जागा व कठडे असावे लागतात. चौथ्यांत वाहनें पुन्हा मूळ वाटेवर येतात. पाटी ही अशा रीतीनें एका सबंध रचनेचा आरंभ होय. पुढील तीन भाग नसतील, तर एकटी पाटी कोणाचा जीव वाचवूं शकत नाहीं.

पाटीवर शब्दांपेक्षां चित्राला अधिक मोल आहे. पुणें-सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या पंजाबी वा तामीळ ट्रकचालकाला मराठी अक्षरें वाचतां येतीलच असें नाहीं. परंतु तांबड्या कडेच्या त्रिकोणांत फावडें घेऊन उभा असलेला मनुष्य त्याला तत्काळ समजतो. रात्रीं मात्र चित्रहि पुरत नाहीं. त्या वेळीं मोटारीच्या दिव्याचा प्रकाश चालकाच्या डोळ्यांकडे परत फेंकणारा पृष्ठभाग हवा. खंडाळ्याच्या घाटांत पावसाळी धुकें उतरलें, म्हणजे साध्या रंगाची पाटी आणि मागचा डोंगर एकच होऊन जातात. मजुरांच्या अंगावरील झगझगीत नारिंगी जाकीटहि याच हेतूचें आहे. स्कॉटलंडमध्यें १९६४ सालीं रेल्वेमार्गावर काम करणाऱ्यांना तीं प्रथम देऊन पाहण्यांत आलीं. साडीवर तें जाकीट चढवून डोक्यावर खडीची पाटी वाहणारी मजूर स्त्री दुरूनहि दिसते. जाकीट नसेल तर संधिप्रकाशांत ती धुळींत मिसळून जाते.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाटीचा खरेपणा. काम संपून आठवडे लोटले तरी ‘पुढें काम चालू आहे’ ही पाटी तशीच उभी राहते. चालक एकदां वेग कमी करतो, दोनदां करतो. पुढें कोणीच दिसत नाहीं, तेव्हां तिसऱ्यांदां तो करीत नाहीं. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टींत खोटें बोलण्याची शिक्षा बोलणाऱ्यालाच मिळाली. येथें ती भलत्याच मजुराला, भलत्याच रस्त्यावर भोगावी लागते. काम संपतांच पाटी काढणें हें ती लावण्याइतकेंच निकडीचें कर्तव्य आहे.

मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं एक नवें कलम घालण्यांत आलें. रस्ता बांधणारें वा राखणारें खातें, कंत्राटदार अथवा सल्लागार यांनीं ठरलेलीं सुरक्षिततेचीं मानकें न पाळल्यामुळें कोणास मृत्यु किंवा अपंगत्व आलें, तर त्यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. परंतु दंड हा अपघातानंतरचा, आणि पाटी त्यापूर्वींची.

उरलेला भाग मोटारींत बसणाऱ्यांचा आहे. उशीर झाला म्हणून चालकाला घाई करण्यास सांगणारा मालक मागच्या आसनावर असतो, आणि त्या घाईची किंमत देणारा रस्त्यावर वाकलेला असतो. त्रिकोण दिसतांच मागच्या आसनावरून ‘सावकाश’ एवढा एक शब्द आला, तरी पुष्कळ झालें. तो उच्चारण्यास लागणारा वेळ अडीच सेकंदांहून कमीच आहे.