आणीबाणी उठली, ठाकूर उठला नाही

(निघोजे इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला कादंबरीवर बोलायला बोलावलंय. मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत माल चढवतो-उतरवतो, कविता करतो. प्राध्यापक लोक बोलतात तसं मला येत नाही, आणि तसं बोलायचंही नाही.

रोहिंटन मिस्त्री हा मुंबईत जन्मलेला पारशी लेखक. 1975 साली कॅनडाला गेला. 1995 साली त्याची 'अ फाईन बॅलन्स' ही इंग्रजी कादंबरी निघाली. पाळी सुटल्यावर डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ती वाचली, दोन पावसाळे गेले. कादंबरी आणीबाणीवरची. आपल्याकडं लष्करी राजवट कधी आली नाही. आपली आणीबाणी 21 मार्च 1977 ला उठली, आणि त्याच जुलैत पाकिस्तानात जनरल झियानं सत्ता बळकावली. तिथं फौज लागली. इथं फौजेची गरजच पडली नाही. फौजदार, मुकादम, सरकारी डॉक्टर आणि गावचा ठाकूर, एवढ्यावर भागलं. ते या पुस्तकात आहे, म्हणून मी ते इथवर घेऊन आलो.

गोष्ट ईश्वर आणि ओमप्रकाश या चुलत्या-पुतण्याची. जातीनं चांभार. ईश्वरच्या बापानं, दुखीनं, आपली दोन पोरं तालुक्याच्या गावी अश्रफ नावाच्या मुसलमान शिंप्याकडं शिकायला ठेवली. जातीचा धंदा सोडला, हा पहिला गुन्हा. दुसरा गुन्हा ओमच्या बापाचा, नारायणचा. निवडणुकीत यांनी नुसतं अंगठ्याला शाई लावून घ्यायची, मतपत्रिका ठाकूरच्या माणसांनी भरायच्या, अशी गावाची रीत. नारायण म्हणाला, माझं मत मीच देणार. ठाकूर धरमसीनं त्याला हालहाल करून मारलं, प्रेत चौकात मांडलं, घर आतल्या माणसांसकट जाळलं. हे सगळं आणीबाणीच्या आधी. लोकशाहीत. बाबासाहेबांचं संविधान लागू असताना. या पानावर मी पुस्तक मिटलं, आठ दिवस उघडलं नाही.

मग 1975. दोघं समुद्राकाठच्या शहरात शिवणकामाला येतात. मिस्त्री शहराचं नाव घालत नाही, पण ते कुठलं हे गोदीवाल्याला कुणी सांगायला नको. पंतप्रधानांच्या सभेला त्यांना बशीत कोंबून नेतात. झोपडी बुलडोझरखाली जाते. रात्री पोलीस उचलतात आणि बिगारीला धाडतात. लेखकानं हे हवेतून काढलेलं नाही. ट्रॉम्बेची जनता कॉलनी मे 1976 मध्ये पाडली, सुमारे 70000 माणसं चिता कॅम्पात नेऊन टाकली.

ओमचं लग्न जमवायला दोघं परत त्या भागात जातात, आणि भर बाजारात नसबंदीच्या गाडीत कोंबले जातात. 1976-77 या एका वर्षात देशात 81 लाखांवर नसबंद्या झाल्या. आपल्या विधिमंडळानं तर 1976 साली सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. आणि कादंबरीत त्या भागात कुटुंबनियोजनाचा म्होरक्या कोण? तोच ठाकूर धरमसी! तो ओमला ओळखतो. नसबंदीवर थांबत नाही, पोराला पार खच्ची करायला लावतो. ईश्वरचे पाय सडतात, कापावे लागतात.

माझ्या आज्याची नसबंदी 76 सालचीच. "आपरेशन झालं" एवढंच म्हणायचा. कुणी नेलं, कसं नेलं विचारलं की तंबाखू मळायला लागायचा. त्याचं मौन मला या इंग्रजी पुस्तकानं वाचून दाखवलं, याची लाज वाटते.

आता घरातलं बोलतो. कुणाला राग आला तर येऊ दे. पँथरचे नामदेव ढसाळ आणीबाणीच्या बाजूनं उभे राहिले, 1976 साली त्यांनी 'प्रियदर्शिनी' काढलं. ढसाळांच्या कवितेनं मला कवी केलं, तरी हे गिळता येत नाही. 20 कलमी कार्यक्रमात भूमिहीनाला जमीन होती, वेठबिगारी बंद करायची भाषा होती. आपल्यातले पुष्कळजण त्याला भुलले, आणि भुकेला माणूस भुलतो हे मला कळतं. पण कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत उभ्या राहून बोलल्या आणि नंतर तुरुंगात गेल्या. आपला कवी तेव्हा कुठं होता?

पांढरपेशांच्या मराठीत आणीबाणी म्हणजे येरवडा. आत गेलेल्यांनी लिहिलं, लिहायलाच हवं होतं. पण नसबंदीच्या गाडीत बसवलेल्यानं कुठं लिहिलं? त्याची आणीबाणी 77 ला उठली असं कुणी त्याला विचारून ठरवलं?

कादंबरीत मला एक खटकलं. ओम चिडतो, पण त्याचा राग एकटाच राहतो. संघटना नाही, मोर्चा नाही. पँथर 1972 ला मुंबईतच जन्मली होती, तिचा आवाज या दोघांपर्यंत येत नाही. हे लेखकाला दिसलं नाही, का आपणच त्यांच्या झोपडीपर्यंत पोचलो नव्हतो? मला दुसरं जास्त खरं वाटतं. शेवटी 1984 साली माणेक हा शिकलेला पोरगा त्यांना भीक मागताना बघतो, ओळख देत नाही, आणि रेल्वेखाली जातो. पाय नसलेला ईश्वर मात्र फळकुटाच्या गाडीवर बसून जेवायला येतो, ओम दोरीनं ओढतो. दोघं हसत असतात.

तुम्ही चाकण पट्ट्यात ठेकेदाराकडं राबणारी पोरं. घरी सत्तरीपुढचं कोण आहे बघा. 76 साली काय झालं ते विचारा. तंबाखू मळायला लागले तर शेजारी बसून राहा. जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवा आणि आमच्याकडं पाठवा, आम्ही छापू. पुस्तक इथं टेबलावर ठेवतोय. अवघड शब्दांचे अर्थ पेन्सिलीनं लिहिलेत, काही चुकलेही असतील.