फोन बदलत जाईल, पण राहील कुणाच्या हातात?

(धुळे जिल्ह्यातील प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका बँक सखीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘उद्याचा मोबाइल’. मघाशी एक मावशी म्हणाल्या, “बाई, आजचाच समजत नाही, तू उद्याचा काय सांगते?” मावशींचं खरं आहे. पण उद्याचा फोन आपल्याला विचारून येणार नाही. म्हणून तो कसा असेल, आणि तो यायच्या आधी आपण काय करून ठेवायचं, एवढंच मी बोलणार आहे.

आधी एक गंमत ऐका. फोनचं भविष्य सांगताना भले भले चुकलेत. हातात धरून बोलायच्या मोबाइलवरून पहिला कॉल झाला ३ एप्रिल १९७३ ला, अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात. मार्टिन कूपर नावाच्या इंजिनिअरनं तो केला. फोन किलोभराहून जड! पुढं १९८० नंतर तिथल्या एटी अँड टी या मोठ्या टेलिफोन कंपनीनं जाणकारांना विचारलं, २००० सालापर्यंत किती लोक मोबाइल घेतील? उत्तर आलं, साधारण ९ लाख. प्रत्यक्षात २००० साली एकट्या अमेरिकेतच १० कोटींच्या वर मोबाइल झाले होते. तेव्हाचा फोन जड होता, महाग होता. तो स्वस्त आणि हलका झाला तर साधा माणूस त्याचं काय काय करील, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आपल्याकडं पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा आलेल्या फोनचेसुद्धा पैसे पडायचे. त्यावर आपल्या लोकांनी काय काढलं? मिस्ड कॉल! एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन रिंग म्हणजे फोन कर. हे कुठल्या कंपनीनं शिकवलं नव्हतं. २००३ साली नोकियाचा ११०० नंबरचा फोन आला, त्याला टॉर्च होती. रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला ती टॉर्च फोनइतकीच कामाची होती. जगभरात तो फोन २५ कोटींच्या आसपास खपला. म्हणजे फोन कसा होणार हे कंपनी एकटी ठरवत नाही, वापरणाराही ठरवतो. म्हणून वापरणाऱ्यांत आपण असलो पाहिजे.

आता मी काही ज्योतिषी नाही. उद्याचा फोन घडी घालायचा असेल, चष्म्यात असेल की मनगटावर, ते मला सांगता येणार नाही. पण ज्याची सुरुवात आज डोळ्यांसमोर झालीय, ते सांगते.

पहिली गोष्ट. टाइप करणं कमी होणार आणि बोलणं वाढणार. सरकारनं २०२२ साली ‘भाषिणी’ नावाचं काम सुरू केलं, आपल्या देशातल्या भाषा संगणकाला समजाव्यात म्हणून. त्याच वर्षी साध्या बटणाच्या फोनवरून, इंटरनेट नसताना पैसे पाठवायची सोय आली, तिला ‘१२३ पे’ म्हणतात. २०२३ साली बोलून पैसे पाठवायची ‘हॅलो यूपीआय’ सोय जाहीर झाली. ही वाट पुढं रुंद होणार. ज्या मावशीला अक्षर ओळखत नाही, ती फोनला विचारील, “माझ्या खात्यात किती आहेत?” आणि फोन मराठीत सांगील.

पण फोन भाषा शिकतो ती लोकांच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगवरून. जी भाषा त्यानं पुष्कळ ऐकली ती त्याला येते, जी कमी ऐकली तिथं तो अडखळतो. आपण घरात अहिराणी बोलतो. उद्या तुम्ही फोनला म्हणाल, “माले समजनं नही”, तर त्यालाही समजणार नाही! म्हणून कुणी प्रशिक्षणात विचारलं, तुम्हाला फोनमध्ये काय हवं, तर लाजू नका. सांगा, आम्हाला आमच्या बोलीत हवं. आणि पैसे जाण्याआधी फोननं रक्कम आणि नाव मोठ्यानं वाचून दाखवलं पाहिजे, हेही सांगा.

दुसरी गोष्ट. आपला चेहरा आणि बोट हीच आपली सही होणार. अंगणवाडीत घरी न्यायचा आहार घेताना आता पोषण ट्रॅकरवर चेहरा दाखवावा लागतो, जुलै २०२५ पासून ते सक्तीचं झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात यूपीआयवर पिनच्या ऐवजी बोटाच्या ठशानं किंवा चेहऱ्यानं पैसे द्यायची सोय आली.

जरा आठवा. आपल्या आया अंगठा लावायच्या. आपण गटात आलो, सही शिकलो. बँकेत पहिली सही करताना हात कसा थरथरला होता! आता फिरून गाडी अंगठ्यावर आली. अंगठ्याचं जुनं दुखणं काय होतं? कशावर लावतोय ते माहीत नसायचं. तेच दुखणं नव्या अंगठ्यालाही आहे. म्हणून “ताई, इथं बोट ठेवा”, “ताई, इकडं बघा” असं कुणी म्हटलं की आधी विचारा, कशासाठी? किती रुपये? आणि एका फोनमध्ये एकापेक्षा जास्त ठसे ठेवता येतात, हे ध्यानात ठेवा. आपल्या फोनमध्ये कुणाकुणाची बोटं आहेत, ते एकदा बघून घ्या.

तिसरी गोष्ट. गटाचं दप्तर फोनमध्ये जाणार. याचा अभिमान आपल्याला असला पाहिजे. नाबार्डनं गटांचे हिशेब संगणकावर आणायचा ‘ई-शक्ती’ प्रकल्प २०१५ साली देशात फक्त दोन जिल्ह्यांत आधी करून बघितला. एक झारखंडमधलं रामगढ, आणि दुसरं आपलं धुळं! आता लोकोस अ‍ॅपवर आपल्या बैठका, बचत, कर्ज, परतफेड भरली जाते. माझा अंदाज असा, की पुढं बँकेचा साहेब आपलं रजिस्टर उघडण्याआधी संगणकावरचा गट बघणार. तिथं चार बैठका गाळलेल्या दिसल्या, तर बैठका झाल्या होत्या हे कोण मानणार? म्हणून दर महिन्याला फोनमधली नोंद बैठकीत मोठ्यानं वाचून घ्या आणि वहीशी ताडून बघा. वही बंद करू नका. वही आपली साक्षीदार आहे.

चौथी गोष्ट, आणि ही भीतीची आहे. फसवणारा आता आपल्या माणसाच्या आवाजात बोलणार. आवाजाची हुबेहूब नक्कल करायची यंत्रं आली आहेत, त्यांना थोडंसं रेकॉर्डिंग पुरतं. फोन येईल, “आई, अ‍ॅक्सिडेंट झाला, लगेच पैसे टाक.” आवाज पोराचाच वाटेल. अशा वेळी फोन ठेवा आणि पोराच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावा. घरात एक परवलीचा शब्द ठरवा, जो फक्त घरच्यांना माहीत असेल. पोलिसाचा ड्रेस घालून कुणी व्हिडिओवर म्हणेल, “तुम्हाला डिजिटल अटक झाली.” कायद्यात अशी अटकच नाही. पैसे यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे जायला. हे पाठ करा. आणि फसलोच तर लाजत बसू नका, लगेच १९३० नंबर फिरवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात पळतात.

आता मुद्द्यावर येते. हे सगळं कुणासाठी? जिच्या हातात फोन आहे तिच्यासाठी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमध्ये स्वतः वापरायचा मोबाइल होता ५४ जणींकडं. बाकीच्यांना फोन मागून घ्यावा लागतो. “जरा देता का हो?” असं.

परवा लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला काय झालं, ते तुम्ही पाहिलं. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. आमच्या गावात एका ताईंच्या आधारला जोडलेला नंबर निघाला पुतण्याचा, आणि पुतण्या कामाला सुरतेत. तो शिफ्टवर असला की फोन बंद. ताई तीन दिवस मजुरी बुडवून केंद्रावर बसल्या. दुसऱ्या एका मावशींचा नंबर कधीचा बंद पडलेला. सिम तीन महिने वापरलंच नाही, तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढं तोच नंबर दुसऱ्या कुणाला देते. म्हणजे पैसे आपल्या हक्काचे, आणि चावी भलत्याच्या खिशात!

उद्याचा फोन जितका हुशार होईल, तितकी ही चावी महत्त्वाची होणार. २०२४ साली ‘यूपीआय सर्कल’ नावाची सोय आली. घरातला एक जण आपल्या खात्यातून दुसऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत खर्च करू देतो. भाजी, किराणा, दवाखाना, सगळं भागेल. सोय चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण खातं त्यांचं राहतं आणि परवानगी कधीही काढून घेता येते. शेतात राबतो आपण आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हे आपल्याला नवीन नाही. फोनच्या बाबतीत तरी तसं होऊ देऊ नका. वापरायला मिळणं वेगळं आणि नावावर असणं वेगळं.

कुणी म्हणेल, ही बाई घरात भांडणं लावते. तसं नाही. दुसऱ्याचा फोन हिसकावून घ्या असं मी म्हणत नाही. आपल्या नावाचा एक नंबर असू द्या, साध्या बटणाच्या फोनमध्ये असला तरी चालेल. तेवढ्यानं ओटीपी आपल्याकडं येईल.

तर पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढी कामं करायची:

१. प्रत्येक सदस्याचा आधारला आणि बँक खात्याला जोडलेला नंबर कोणता, आणि सिम कुणाच्या नावावर आहे, ते वहीत लिहायचं. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’वर दिसतं. आपलं नसलेलं सिम दिसलं तर तिथंच कळवायचं.

२. नंबर चुकीचा असेल तर आधार केंद्रात स्वतः जाऊन बदलायचा. पाच-सहा जणी मिळून जा, म्हणजे जीपचं भाडं वाटून पडेल.

३. गटाच्या बँक खात्याचा मेसेज कुणाच्या फोनवर येतो, ते बघायचं. तो पदाधिकारी महिलेच्याच फोनवर आला पाहिजे. तिच्या मालकाच्या नाही, आणि माझ्यासुद्धा नाही.

४. पिन कुणाला सांगायचा नाही आणि फोनच्या कव्हरमागं चिठ्ठीवर लिहून ठेवायचा नाही.

५. ज्या बहिणीकडं फोन नाही, तिला गटानं अंतर्गत कर्ज द्यायचं. शिवणयंत्राला देतो, शेळीला देतो, पोरांच्या फीला देतो, तसंच फोनला. हा ठराव आजच्या सभेपुढं मांडावा, अशी मी अध्यक्ष ताईंना विनंती करते.

बायांनो, गटाची दशसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे, आणि पुढची पाच. ती कुणीतरी ठरवली, आपण पाळली, आणि त्यानं आपलं भलं झालं. अकरावं सूत्र आपण स्वतः घालू: नंबर माझ्या नावावर, पिन माझ्या डोक्यात. उद्या फोन चष्म्यात गेला काय आणि अंगठीत गेला काय, हे सूत्र बदलायचं नाही.

ठरावाला हात वर करायची वेळ आली की सगळ्यांनी हात वर करा. एवढं बोलून थांबते. जय हिंद, जय महाराष्ट्र.