मागास तालुके आणि बंगळूरच्या इमारती
बंगळूरच्या टोलेजंग इमारतींवर विटा वाहणाऱ्यांत रायचूर, यादगीर, कलबुर्गीचे असंख्य भूमिहीन आहेत. डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली कर्नाटकातील १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरविले. अत्यंत मागास ३९ पैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातले होते. पुढे ३१ हजार कोटींची विशेष योजना आखली गेली. २०१२च्या घटनादुरुस्तीने ३७१ (जे) कलमही आले. परंतु जमीन कुणाची, पाणी कुणाच्या शेतात, हे तालुक्याची सरासरी सांगत नाही. रस्त्यांनी सरासरी सुधारेल. तेवढ्याने भूमिहीनाची चूल पेटणार नाही. म्हणून निधीच्या मागणीला जमीन, रोजगार व किमान वेतनाच्या लढ्याची जोड हवी. गावचा शेतमजूर तोच शहरातला बांधकाम कामगार. त्याची संघटना दोन्हीकडे उभी राहिली पाहिजे.