दोन घरांची कन्या

परदेशी जाणारा मनुष्य शेतघर मागे ठेवतो. नाव तेवढे बरोबर नेतो. परंतु नव्या भूमीत तेही अवघड होऊन बसते. १९२३ साली ग्रीसमधील मेलिगालास गावचे एक औषधविक्रेते पत्नी व मुलीसह न्यूयॉर्कला गेले. त्याच वर्षी डिसेंबरात तेथे त्यांना दुसरी कन्या झाली. ‘कालोयेरोपुलोस’ हे कुलनाम अमेरिकन जिभेला पेलेना. वडिलांनी ते तोडून ‘कॅलास’ केले. हीच पुढे जगप्रसिद्ध झालेली गायिका मारिया कॅलास.

तिचा बाप्तिस्मा ग्रीक चर्चमध्ये झाला, शिक्षण मात्र इंग्रजी शाळेत. मंदीच्या लाटेत वडिलांचे दुकान बुडाले. परमुलखात हुकलेले भाग्य मुलीच्या गळ्यातून मिळवावे, असा आईने ध्यास घेतला. १९३७ साली पतीपासून विभक्त होऊन आई मारियाला घेऊन अथेन्सला परतली. तेथे एल्विरा दे हिदाल्गो या गुरू लाभल्या. जर्मन अंमलातील उपासमारही वाट्याला आली. १९४५ साली मारिया वडिलांकडे पुन्हा अमेरिकेस गेली.

कीर्ती आली, पण आपले बालपण हिरावले गेले, ही खंत तिने पुढे वारंवार बोलून दाखविली. मायलेकींत कायमचा दुरावा आला. स्थलांतरित आईबापांची स्वप्ने मुलांना पंख देतात; त्यांचे ओझेही मुलांनाच वाहावे लागते.

१९७७ साली पॅरिसमध्ये तिचे निधन झाले. दोन वर्षांनी तिची रक्षा एजियन समुद्रात विसर्जित करण्यात आली. तोडलेले नाव जगाकडे राहिले; देह मात्र पूर्वजांच्या पाण्याला मिळाला.