परतीचा दिवस आधी ठरवावा

परसवाड्याच्या माणसाला डोंगराचे नवल नाही. बालाघाट या जिल्ह्याच्या नावातच घाट आहे आणि परसवाडा तर त्या घाटमाथ्यावरचेच गाव. साल-सागाची राने आणि वळणावळणांची चढण लहानपणापासून त्याच्या ओळखीची असते. तरीही हिमालयाचे नाव निघाले की घरातली वडीलधारी मंडळी क्षणभर गप्प होतात. मुक्तिनाथाचे दर्शन एकदा घडावे ही इच्छा पुष्कळांनी मनात जपून ठेवलेली असते. पूर्वी ती मनातच राही. आज दाराशी मोटार उभी असते, हाती नकाशा असतो, आणि नातू म्हणतो, “आजोबा, आपल्याच गाडीने जाऊ या.”

हा बेत अशक्य कोटीतला मुळीच नाही. १९५० सालच्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे उभय देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जाण्यास मुभा आहे. १९५६ साली भारताच्या साह्याने त्रिभुवन राजपथ तयार झाला. तत्पूर्वी काठमांडूत मोटार न्यायची तर हमालांच्या खांद्यांवरून न्यावी लागे. त्या मानाने आजची वाट राजरस्ताच म्हणावयाची. परसवाड्याहून नर्मदा ओलांडून जबलपूर, तेथून मैहर, रीवा आणि सोहागीचा घाट उतरून प्रयागराज, पुढे यमुना, गंगा, घाघरा मागे टाकीत गोरखपूर, आणि अखेरीस सीमेवरचे सोनौली. सीमेपलीकडे बुटवल, तानसेन आणि पोखरा. जाण्याचा पल्ला हजार ते अकराशे किलोमीटरांचा आहे. पहिला मुक्काम जबलपूर, दुसरा प्रयागराज, तिसरा गोरखपूर आणि चौथा तानसेन असा क्रम ठेवला तर वृद्धांच्या पाठीला आणि चालकाच्या डोळ्यांना विसावा मिळतो.

परंतु वाटेआधी तिथी ठरवावी लागते, आणि खरी अडचण तेथेच आहे. बालाघाट हा भाताचा जिल्हा. येथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भाताची लावणी आटोपली की श्रावण-भाद्रपदात शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. नेमक्या त्याच दिवसांत हिमालयाच्या दरडी सुटतात. आश्विन-कार्तिकात तेथले आकाश निवळते, तर इकडे पीक कापणीला येते. पौष-माघात हात मोकळे होतात, पण मुक्तिनाथाच्या वाटेवर बर्फ पडण्याची भीती असते. मुलांच्या सुट्टीचा मे महिना घ्यावा, तर गंगेच्या मैदानातील उष्मा सोसावा लागतो. यांतले काहीतरी सोडावेच लागते. उन्हाळा सोसता येतो. कापणी भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या हाती सोपविता येते. पावसाळा मात्र कोणाच्या हाती सोपविता येत नाही.

हे केवळ सावधगिरीचे बोल नव्हेत. १२ जुलै २०२४ रोजी पहाटे नेपाळच्या चितवन जिल्ह्यात सिमलताल येथे दरड कोसळली आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. पुढच्याच महिन्यात, २३ ऑगस्ट रोजी, जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंना पोखऱ्याहून काठमांडूकडे नेणारी बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. त्या अपघातात २७ जण दगावले. देवदर्शनाला म्हणून घरून निघालेली, आपलीच भाषा बोलणारी ती माणसे होती. प्रत्येक अपघाताचे कारण पावसाच्या माथी मारता येणार नाही; पण एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस नदी अशा वाटेवर चुकीला क्षमा नसते, एवढे त्या दोन घटना सांगून गेल्या. यास्तव पहाडात रात्रीचा प्रवास करू नये. ज्या गिअरमध्ये चढण चढावी त्याच गिअरमध्ये उतरण उतरावी, हा जुन्या चालकांचा नियमही पाळावा.

आता सीमेवरच्या कागदपत्रांकडे वळू. पासपोर्ट नसला तरी निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. केवळ आधार कार्डावर विसंबू नये. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे, आणि ते सुट्टी लागण्यापूर्वीच मागावे. गाडीचे नोंदणीपत्र आणि चालकाचा परवाना लागतोच. विम्याची गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. भारतातील मोटार विमा साधारणतः भारताच्या हद्दीपुरताच असतो. ज्यादा हप्ता भरून तो नेपाळपर्यंत वाढवून घ्यावा लागतो. हे काम सीमेवर होत नाही, विमा कंपनीकडे निघण्याआधीच करावे लागते.

पलीकडे बेलहिया येथे भन्सार, म्हणजे जकातीचे कार्यालय आहे. गाडी जितके दिवस नेपाळात राहणार तितक्या दिवसांचे शुल्क तेथे भरावे लागते. काटकसरी माणूस येथे एक दिवस कमी सांगतो. मग दरड कोसळून रस्ता बंद पडला की दंडाच्या धास्तीने तोच माणूस रात्री गाडी हाकू लागतो. चार पैसे अधिक गेले तरी दोन दिवस जास्तीचे मागून घ्यावेत. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये मिळतात. मात्र मोठ्या भारतीय नोटांविषयीचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, तेव्हा त्यांची चौकशी निघताना करावी. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे असते आणि साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, हेही टिपून ठेवावे.

पोखऱ्याला पोहोचल्यावर एक पूर्ण दिवस काहीही करू नये. सहा दिवस कष्टावे आणि सातव्या दिवशी विसावावे, ही शिकवण प्रवाशालाही लागू आहे. येथून पुढे आपली मोटार ठेवून स्थानिक चालकाची जीप करणे शहाणपणाचे. पोखरा समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्याही आत आहे, जोमसोम सुमारे २,७०० मीटरवर, तर मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. शरीराला ही उंची एका दिवसात मानवत नाही. जोमसोमला एक रात्र अधिक काढावी. डोके दुखू लागले, मळमळले, बसल्याजागी धाप लागली, तर हट्टाने वर जाऊ नये. खाली उतरणे हाच त्यावरचा खरा उपाय होय.

आणि येथेच सगळ्या आखणीची कसोटी लागते. देऊळ अवघ्या काही कोसांवर आले आहे. आजोबांचा जन्मभराचा ध्यास आहे. त्यांना धाप लागली आहे, आणि ते हाताने खुणावताहेत, “चला, मला काही झालेले नाही.” अशा वेळी नातवाने ‘नाही’ कसे म्हणावे? ऐन वेळी त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही. म्हणून तो शब्द परसवाड्यातच, घरच्या ओसरीवर, सर्वांच्या साक्षीने ठरला पाहिजे. परत फिरण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा, आणि त्याने तो घेतल्यावर कोणीही रुसावयाचे नाही, हे निघण्याआधी आजोबांच्याच तोंडून वदवून घ्यावे. त्यांनी स्वतः दिलेली आज्ञा पाळताना नातवाला अपराधी वाटणार नाही.

प्रवासाचा कागद लिहिताना बहुतेक जण निघण्याच्या दिवसापासून आरंभ करतात. तो खालून वर लिहावा. सर्वांत आधी घरी परतण्याचा दिवस लिहावा, त्याच्या वर तीन दिवस कोरे सोडावेत, आणि उरलेल्या दिवसांत मावेल तेवढाच हिमालय पाहावा. कागदाची एक प्रत घरी राहणाऱ्याजवळ ठेवावी. कोरे दिवस कोरेच राहिले, तर परतताना प्रयागला संगमावर दोन रात्री अधिक काढता येतील. ते खर्ची पडले, तरी कोणाचे काही बिघडणार नाही. ठरल्या दिवशी गाडी घाट चढून वर येईल, आणि घरी राहिलेल्या माणसाला कागदावरच्या शेवटच्या ओळीपुढे खूण करता येईल.