गळ टाकण्याआधी

मी मास्तर. सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यात तलावाच्या पाळीवरून शाळेत जाण्यायेण्यात माझी नोकरी संपली. पण त्या पाण्यात गळ कधी टाकला नाही. साठी उलटल्यावर ती हौस आली, आणि ती मी बोलून दाखवली न्यू जर्सीतल्या पुतण्याजवळ. इथेच माझं चुकलं.

पुतण्या तिकडे समुद्रावर ‘स्ट्राइप्ड बास’ नावाचा मासा धरतो. रुपेरी अंग, त्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा. राहतो समुद्रात, पण वसंत ऋतूत अंडी घालायला नदीत चढतो. काकांना हौस आहे म्हटल्यावर त्याने गावी येणाऱ्या एका पाहुण्याबरोबर सामान धाडलं. अकरा फुटी दोन तुकड्यांची काठी, नारळाएवढं रीळ, शिशाची वजनं, विणलेली दोरी आणि गळांची एक डबी. माझी छाती फुगली. ते घेऊन मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो ढिवर समाजातला, तलावावरच्या मच्छीमार संस्थेचा सभासद. त्याने काठी जोडली, हलवून बघितली आणि विचारलं, “गुरुजी, आपल्याला तलावात मासे धराचे आहेत का तलावापलीकडे?”

खरंच होतं त्याचं. ती काठी लाटांपलीकडे वजन फेकण्यासाठी बनवलेली. आमचा तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात बरेचसे कोहळी समाजाने बांधले. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले, नाव मात्र राहिलं. यातलं पाणी उथळ, काठाला कमळ, शिंगाडा, गवत. लांब फेकायचं कामच नाही. मासा पायाशी असतो, फक्त दिसत नाही.

आणि मला धरायची होती मरळ. तिच्याही अंगावर पट्टे असतात, साम्य तेवढंच. मरळ कल्ल्यांशिवाय वरची हवाही घेते. त्यामुळे कमी पाण्यात, चिखलात तगते आणि मधूनमधून श्वासाला वर येते. शांत पाण्यावर ‘डुबुक’ असा आवाज होतो, तो तिचा. रोहू-कतल्यापेक्षा बाजारात तिला भाव जास्त.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही नुसते पाहणी करायला गेलो होतो. हातात रबरी बेडूक बांधलेली छोटी काठी होती, सराव म्हणून. काठाशी पाण्यावर तांबूस-केशरी काहीतरी वळवळत होतं, कुणी कुंकू सांडल्यासारखं. ती मरळीची पिल्लं होती, शेकड्यांनी. खाली एक मोठी सावली फिरत होती. मला वाटलं, पहिल्याच दिवशी लॉटरी! बेडूक टाकायला हात उचलला, तर विद्यार्थ्याने मनगट धरलं. “नका मारू जी, तिच्यासंगं पोट्टे आहेत.”

नंतर त्याने समजावलं. पावसाळ्यात मरळ गवतात अंडी घालते आणि आईबाप पिल्लांची राखण करतात. जवळ काहीही आलं तरी चवताळून अंगावर जातात, म्हणून तेव्हा त्यांना धरणं सर्वांत सोपं. पण राखणदार गेला की ती पिल्लं इतर मासे आणि बगळे मटकावतात. म्हणजे एक मासा घेतला आणि शेकडो गमावले. मी म्हणालो, “अरे, पण मरळ तुमच्या संस्थेने सोडलेलं रोहूचं बीजही खाते ना?” तो म्हणाला, “खाते तर. म्हणून का तिचे पोट्टे उपाशी मारू?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मीच याला कधीकाळी पाढे शिकवले होते.

फोनवर पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “आमच्याकडे याचा छापील नियम आहे काका.” तिथे समुद्रात धरलेला बास अठ्ठावीस इंचांहून लहान असला तर पाण्यात परत, आणि २०२३ पासून एकतीस इंचांहून मोठा असला तरी परत, कारण मोठ्या माद्या जास्त अंडी देतात. ठेवायचा तो दिवसाला एकच. आमच्या तलावावर असला फलक नाही. पण काहींच्या डोक्यात नियम पक्का असतो, आणि काहींच्या हातात ब्लीचिंग पावडरची पिशवी असते. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे, तरीही.

मग बेत दिवाळीनंतरवर ढकलला आणि आम्ही सामान तयार करायला बसलो. आधी परवानगी. तलावाचा ठेका संस्थेचा, बीज त्यांच्या पैशाचं. तेव्हा संस्थेला विचारलं, धरलेला मासा वजन करून पैसे देऊन न्यायचा असं ठरलं. गडचिरोलीत ज्या ग्रामसभांना २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाले, तिथे पाण्यातल्या मासळीचा हक्कही त्यात येतो. तिथे विचारायचं ते ग्रामसभेला.

काठीसाठी पक्का, भरीव वेळू तोडून महिनाभर सावलीत वाळवला. उन्हात वाळवला तर तडकतो. दोरी नुसती टोकाला बांधायची नाही. बुडापासून टोकापर्यंत वेळूलगत गुंडाळत न्यायची, म्हणजे टोक मोडलं तरी मासा हातचा जात नाही. मरळ गळाला लागली की कमळाच्या देठांत घुसते. तिथे बारीक तंगूस तुटतो, म्हणून अमेरिकेची विणलेली दोरी कामाला आली. गाठ आवळताना ती थुंकीने ओली करायची, कोरडी गाठ घासून कमजोर होते.

आणि ती गळांची डबी! त्यातले गळ टोकाशी पार आत वळलेले. विद्यार्थी म्हणाला, “हे तर बिघडलेले दिसतात जी.” पुतण्याने खुलासा केला: तिकडे बासला खरं आमिष लावायचं तर असलेच गोल गळ वापरण्याची सक्ती आहे. मासा ते गिळतो, पण ओढ बसताच गळ पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. लहान मासा जिवंत सोडता येतो. मात्र हिसका द्यायचा नाही, दोरी हळूच ताणायची. आम्ही गोठ्यामागची गांडुळं लावून आठवडाभर सराव केला. हिसका न देणं मला शेवटपर्यंत जड गेलं.

कपडे पूर्ण बाह्यांचे, कारण आमच्याकडचा हिवताप चेष्टेचा विषय नाही. गळ काढायला पक्कड. आणि एक गोष्ट पुतण्याच्या यादीत नव्हती. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड या भागात वाघ अभयारण्याबाहेरही हिंडतात. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्यांना जनावरासारखा दिसू शकतो, असं वनखात्याचे लोक बजावतात. आणि मासे धरणारा तर तासन् तास उकिडवाच! म्हणून ठरलं: पहाटे नाही, सांजेला नाही, नऊ ते तीन. एकाने पाण्याकडे बघायचं, दुसऱ्याने उभं राहून झाडीकडे. जाताना घरी कोणता काठ ते सांगून जायचं.

दिवाळीनंतरच्या रविवारी गेलो. धान कापणीला आलं होतं, पाणी निवळलं होतं. दोन वाजेपर्यंत काही नाही. मग दोरी सरकली. मी सवयीने हिसका दिलाच, आणि मरळ गेली. झाडीकडे तोंड करून उभा असलेला विद्यार्थी मागे न बघता म्हणाला, “गुरुजी, ओढली ना?”

दुसऱ्या रविवारी मात्र मिळाली, सव्वा किलोची. संस्थेच्या काट्यावर वजन झालं, पैसे दिले, घरी रस्सा झाला. अकरा फुटी काठी परसात आहे. शेवग्याच्या वरच्या शेंगा तिने फार छान निघतात; पुतण्याला अजून सांगितलेलं नाही.